बाकीच्यांना तीन ओळी, याला दोनच

"अगं, पंखा गेला."

बाबा वाय-फायच्या चिन्हाला पंखा म्हणतात. खाली एक ठिपका आणि वर उलगडत गेलेल्या कमानी, त्यांना तो हातपंख्यासारखा दिसतो. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुपारी लॅपटॉपनं अपडेट मागितले, त्यांनी ते होऊ दिले, मशीन रीस्टार्ट केलं, आणि जेवून कामाला बसले तर कोपऱ्यातला पंखा नाहीसा. सकाळी नऊच्या आत तपासलेले चार फॉर्म, म्हणजे चौसष्ट पानं, मेलनं पाठवायची होती. बाबांनी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलं. निवृत्त झाल्यावरही पुस्तकांची प्रुफं तपासतात, आणि दिलेली वेळ चुकवणं त्यांच्या स्वभावातच नाही.

त्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली मीच टाकलेली आहे, त्यामुळे जबाबदारी माझी. मी त्यांच्यापासून बरीच लांब राहते, म्हणजे जे काही करायचं ते फोनवरूनच. मी कमांड सांगायची, त्यांनी टाइप करायची आणि पडद्यावर जे उमटेल ते वाचून दाखवायचं. म्हणून इथेही मी कमांड उच्चारात लिहिते आहे. त्या रात्री त्या तशाच बोलल्या गेल्या.

"राउटर बंद करून चालू करू का?" त्यांनी विचारलं.

"नको बाबा, राउटरला हात लावू नका."

यामागे कारण होतं. पंख्यावर फुली असती, किंवा पंखा दिसत असून नेटवर्कची यादी रिकामी असती, तर राउटरकडे बघितलं असतं. पण पंखा पूर्णच गेला याचा अर्थ नेटवर्क मॅनेजरला मशीनमध्ये वायरलेसचं काही दिसतच नाही. तिथे पासवर्ड, राउटर, इंटरनेट कंपनी हे सगळे निर्दोष. "वाय-फाय चालत नाही" ही तक्रार एकच असली तरी बिघाडाच्या जागा निदान पाच असतात. कार्ड मशीनला दिसतंय का, दिसत असेल तर त्याला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, मिळालाय का, ड्रायव्हरला त्याचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालायचा कोड, मिळालंय का, रेडिओ कुणी बंद करून ठेवलाय का, आणि हे सगळं ठीक असेल तर मग नेटवर्क आणि पासवर्ड. गाडी नक्की कुठे अडली आहे हे कळेपर्यंत काहीही इन्स्टॉल करायचं नाही, हे मी फार उशिरा शिकले. किती उशिरा, ते या गोष्टीत पुढे येईलच.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला सांगितलं. आधी आयपी, अंतर (म्हणजे मोकळी जागा), लिंक. मशीनकडे नेटवर्कच्या कोणत्या वाटा आहेत ते ही कमांड दाखवते.

"एक: एलओ. दोन: ईएनपी आणि पुढे काही आकडे. संपलं."

एलओ म्हणजे मशीनचा स्वतःशी बोलायचा मार्ग, ईएनपी म्हणजे वायरचं पोर्ट. डब्ल्यूएलनं सुरू होणारी ओळ नव्हती. एरवी त्यांच्याकडे ती डब्ल्यूएलपी२एस० अशी असते. डब्ल्यूएल म्हणजे वायरलेस, पी२ म्हणजे क्रमांक दोनची बस (उपकरणं जोडायचा मशीनमधला मार्ग), एस० म्हणजे तिच्यावरचा क्रमांक शून्यचा स्लॉट. २०१३ साली सिस्टमडीनं, म्हणजे लिनक्स सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीनं, ही नावं आणली तेव्हा डब्ल्यूलॅन० या सुटसुटीत नावाची सवय मोडताना मला त्रास झाला होता. पण यात कार्डाचा पत्ताच नावात असतो, आणि फोनवरून काम करताना तो फार उपयोगी पडतो.

मग एलएसपीसीआय. "अंतर, हायफन, एन, एन, के."

"दोन्ही एन लहान लिपीतले?"

"हो, सगळं लहान."

ही कमांड पीसीआय बसवर बसलेली सगळी उपकरणं दाखवते. दोन एन दिले की नावासोबत चौकोनी कंसात ओळखक्रमांकही येतात, आणि के दिला की प्रत्येकाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते. बाबांना मी "नेटवर्क कंट्रोलर" शोधायला सांगितलं आणि शेवटच्या कंसातला क्रमांक वाचायला सांगितला. चार अक्षरं, विसर्गासारखे दोन ठिपके, पुन्हा चार अक्षरं. पहिली चार कंपनीची, पुढची चार त्या नेमक्या चिपची. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या जुन्या प्रोसेसरचं नावच तिथे वापरलंय. बाबांनी वाचता वाचता थांबून विचारलं, "हे शून्य आहे की इंग्रजी ओ?"

असा प्रश्न आजवर मला कुणीही विचारला नव्हता, आणि तो अगदी रास्त होता. हा क्रमांक षोडशमान पद्धतीत असतो. म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ, बस्स. ओ किंवा एल तिथे येऊच शकत नाहीत. "म्हणजे शंका आली की शून्यच," ते म्हणाले, आणि पुढे वाचू लागले.

नेटवर्क कंट्रोलर ही ओळ आली म्हणजे कार्ड मशीनला दिसत होतं. अर्धी काळजी तिथेच मिटली. कार्ड मेलेलं असतं किंवा सॉकेटमधून सैल झालेलं असतं तर ही ओळच उमटली नसती, आणि मग स्क्रूड्रायव्हरशिवाय इलाज नव्हता. मी त्यांना त्या ओळीखालचा मजकूर वाचायला सांगणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

"एक विचारू? बाकी सगळ्यांना खाली तीन-तीन ओळी आहेत. याला दोनच. मधली ओळ गळली आहे."

"मधली कोणती?"

"वर आवाजाचं जे आहे ना, ऑडिओ, त्याच्याखाली सबसिस्टम, मग कर्नल ड्रायव्हर इन यूज, मग कर्नल मॉड्यूल्स. इथे सबसिस्टम आणि एकदम कर्नल मॉड्यूल्स. ड्रायव्हर इन यूज गळलंय."

मी आजवर कितीतरी मशीनवर हा मजकूर बघितला आहे, पण गळलेल्या ओळीचं निदान इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. कर्नल मॉड्यूल्स ही ओळ सांगते की या चिपसाठी योग्य ड्रायव्हर डिस्कवर हजर आहे. ड्रायव्हर इन यूज ही ओळ सांगते की तो खरोखर कामाला लागलाय. पहिली आहे आणि दुसरी नाही, म्हणजे ड्रायव्हर घरात आहे पण त्याला कुणी उठवलेलं नाही, किंवा उठून तो पुन्हा आडवा झालाय. दोन्हीही ओळी नसत्या तर अर्थ वेगळा होता. मग या कर्नलला ती चिप माहीतच नाही असं समजायचं, आणि नवा कर्नल किंवा बाहेरचा ड्रायव्हर शोधायला लागायचं.

उठून आडवा झाला असेल तर कर्नलच्या नोंदवहीत तसं लिहिलेलं सापडतं. सुडो डीमेसेज चालवून (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं, डीमेसेज म्हणजे ती नोंदवही) त्यात "फर्मवेअर" हा शब्द शोधायला लावला, मग ड्रायव्हरचं नाव शोधायला लावलं. काही नाही. एक अक्षर नाही.

ही शांतता मला खटकली. ड्रायव्हर चालू व्हायचा प्रयत्न करून पडला तर तो काहीतरी बोलतोच. इथे कुणी प्रयत्नच केला नव्हता. मग सरळ हातानं उठवून बघायचं ठरवलं. सुडो, अंतर, मॉडप्रोब, अंतर, आणि कर्नल मॉड्यूल्सच्या ओळीतलं ते नाव.

"यात मध्ये अंडरस्कोर आहे. तेच टाकू?"

"तेच टाका. तिथे हायफन पडला तरी चालतो, मॉडप्रोब दोन्ही एकच धरतं."

"असं कसं चालतं?" त्यांना ते मुळीच पटलं नाही. पण टाइप केलं, एंटर दाबलं. दोन-तीन सेकंद गेले.

"पंखा आला."

साडेदहाच्या आत चौसष्ट पानं गेली. दुरुस्तीसाठी इंटरनेट लागलं नाही, काही डाउनलोडही करावं लागलं नाही. मी त्यांना सांगितलं, मशीन बंद करू नका, झाकणही लावू नका, सकाळी बघू. कारण हातानं उठवलेला ड्रायव्हर रीस्टार्टनंतर आपोआप उठेल याची काहीच खात्री नव्हती. तो पहिल्यांदा का उठला नाही हे मला कळलेलं नव्हतं, आणि कारण कळल्याशिवाय दुरुस्ती झाली असं मी मानत नाही.

इथे ड्रायव्हर एरवी कसा उठतो ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मशीन चालू होताना कर्नलला कार्ड सापडलं की तो एक लांबलचक ओळखचिठ्ठी तयार करतो. तिला मॉडएलियास म्हणतात. त्यात तेच कंपनीचे आणि चिपचे क्रमांक असतात. युडेव्ह, म्हणजे उपकरणांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम, ही चिठ्ठी मॉडप्रोबमागच्याच यंत्रणेकडे देतो. ती यंत्रणा एका मोठ्या यादीत बघते की या चिठ्ठीवर कोणत्या ड्रायव्हरनं हक्क सांगितलाय, आणि त्याला उठवते. म्हणजे आपोआप उठणं हे चिठ्ठीवरून होतं, नावावरून नाही. एखादा ड्रायव्हर आपोआप उठू नये म्हणून ब्लॅकलिस्ट नावाची जी सोय आहे ती फक्त या चिठ्ठीच्या वाटेवर आडवी येते. तुम्ही स्वतः नाव घेऊन बोलावलंत तर ब्लॅकलिस्ट केलेला ड्रायव्हरही येतो. चिठ्ठीवरून येत नाही पण नावानं हाक मारली की येतो, असं दिसलं की पहिला संशय ब्लॅकलिस्टवर घ्यायचा. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला हे सुचलं, आणि झोप उडाली. कारण त्या मशीनवर ब्लॅकलिस्ट करू शकणारी व्यक्ती एकच होती.

सकाळी चहाच्या आधीच फोन केला. आधी एक पडताळणी करायची होती. मशीन रीस्टार्ट करायला लावलं आणि मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडायला सांगितला. बहुतेक डिस्ट्रिब्युशन, म्हणजे लिनक्सचे तयार संच, अपडेटनंतरही जुना कर्नल ठेवतात ते अशाच दिवसासाठी, आणि मला ही सोय फार मोलाची वाटते. जुन्या कर्नलवर वाय-फाय आलं तर हार्डवेअर ठणठणीत आहे हे दोन मिनिटांत सिद्ध होतं. पंखा आला. पुन्हा एलएसपीसीआय, हायफन, एन एन के.

"आता तीन ओळी आहेत," बाबा म्हणाले. "पण ड्रायव्हर इन यूजमध्ये जे नाव आहे ते रात्री तू टाइप करायला लावलंस ते नाही."

"नाही?"

"रात्रीच्या नावात अंडरस्कोर होता. यात नाहीच. आकडे तेच आहेत, अक्षरं वेगळी."

त्या क्षणी मला सगळं आठवलं. २०२० च्या डिसेंबरात मी हा लॅपटॉप त्यांना तयार करून दिला होता. तेव्हा त्या चिपसाठीचा कर्नलमधला ड्रायव्हर अगदी नवा होता आणि दर थोड्या वेळानं जोडणी तुटायची. मी एका कोडच्या संग्रहातून बाहेरचा ड्रायव्हर घेतला, डीकेएमएसवर चढवला, आणि दोघांत भांडण नको म्हणून कर्नलमधल्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट केलं. काम झालं. मी ते कुठेही लिहून ठेवलं नाही.

डीकेएमएस म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधून देणारी व्यवस्था. डेलमधल्या लोकांनी ती तयार केली. अशी पुनर्बांधणी का लागते? कारण कर्नलच्या आतल्या फंक्शनची नावं आणि रचना कायम राहतील असं वचन कर्नल कुणालाही देत नाही. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि आतलं काहीतरी हललेलं असतं. कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कोडच्या संग्रहात, असलेल्या ड्रायव्हरांना तो बदल करणाराच जुळवून देतो. बाहेरच्याची काळजी बाहेरच्यानं घ्यायची. आणि त्या संग्रहाचा सांभाळ करणाऱ्यानं ते काम कधीच थांबवलं होतं. त्याला मी दोष देत नाही, त्यानं फुकट आणि मोकळ्या मनानं दिलं होतं.

सुडो डीकेएमएस स्टेटस. जुन्या कर्नलच्या नावापुढे "इन्स्टॉल्ड". नव्या कर्नलचं नावच नाही. मग व्हार, लिब, डीकेएमएस या वाटेनं आत जाऊन बिल्डच्या फोल्डरातली मेक डॉट लॉग उघडायला लावली, आणि बाबांनी शेवटून वर वाचत पहिली चूक गाठली: इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन. म्हणजे ड्रायव्हर ज्या फंक्शनला हाक मारतोय ते या कर्नलमध्ये त्या नावानं उरलेलंच नाही. शेवटच्या ओळीत फक्त "एरर" आणि एक आकडा असतो, त्यावरून काहीच कळत नाही. पहिली चूक कोणती, तीच खरी. बाबांनी सांगितलं की खिळ्यांच्या जुळणीतही असंच असायचं, एक अक्षर वर सरकलं की खालच्या सगळ्या ओळी सरकायच्या, आणि शोधायची ती वरची.

आता चित्र पूर्ण झालं. नव्या कर्नलवर बाहेरचा ड्रायव्हर बांधला गेला नाही, आणि घरच्याला मी स्वतः दारात अडवून ठेवलं होतं. मधल्या काळात घरचा ड्रायव्हर सुधारत गेला होता, आणि तो कोणी वापरतच नव्हतं. रात्री त्यानंच चौसष्ट पानं बिनबोभाट नेऊन पोचवली.

ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरातल्या मॉडप्रोब डॉट डी या फोल्डरात ग्रेप करून ब्लॅकलिस्ट शब्द शोधला. तिथे डिस्ट्रिब्युशनच्या स्वतःच्या चार-पाच फाइली असतात, त्यांना हात लावायचा नसतो. त्यांच्यात एक परकी फाइल होती, एकाच ओळीची. तारीख डिसेंबर २०२०. बाबांनी ती ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, "कुणी लिहिली, का लिहिली, काहीच नोंद नाही गं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. प्रुफावर खूण केली की समासात कारण लिहायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यांना ते खरंच अपुरं वाटलं होतं, आणि मला फार लागलं.

फाइल काढून टाकली. सुडो डीकेएमएस रिमूव्ह, ड्रायव्हरचं नाव, तिरकी रेघ, आवृत्ती, आणि शेवटी दोन हायफन जोडून ऑल. त्यानंतर सुडो अपडेट, हायफन, इनिटरॅमएफएस, अंतर, हायफन यू. ही शेवटची पायरी लोक विसरतात. मशीन उठताना सुरुवातीला वापरायची छोटी फाइलप्रणाली आधीच बांधून ठेवलेली असते, आणि डेबियन आणि त्यावर बेतलेल्या डिस्ट्रिब्युशनमध्ये मॉडप्रोब डॉट डीची प्रत तिच्यातही जाते. ती ताजी केली नाही तर काढलेली ब्लॅकलिस्ट तिथे जुन्या रूपात शिल्लक राहू शकते, आणि मग माणूस फाइल काढूनही काही बदललं नाही म्हणून डोकं धरून बसतो.

नव्या कर्नलवर रीस्टार्ट. पंखा आपोआप आला. तीन ओळी. मॉडइन्फो चालवून बघितलं, त्यात इनट्री या शब्दापुढे वाय. म्हणजे हा ड्रायव्हर कर्नलच्या स्वतःच्या झाडातला.

बाबांच्या मशीनवर जे झालं ते पाच जागांपैकी एका जागेचं. बाकीच्या जागांवरही मी वेळोवेळी अडकले आहे, आणि त्या प्रत्येक वेळी पडद्यावर उत्तर लिहिलेलं होतं.

फर्मवेअरचं घ्या. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, पण कार्डाच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारा कोड ड्रायव्हरला सुरुवातीलाच कार्डात भरावा लागतो. तो कोड म्हणजे फर्मवेअर, आणि तो लिब फोल्डराच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरात असतो. नसला तर डीमेसेजमध्ये "डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर" असं लिहून फाइलीचं पूर्ण नाव येतं आणि शेवटी "फेल्ड विथ एरर उणे दोन". उणे दोनचा अर्थ एवढाच, की अशी फाइल सापडली नाही. नेमकी कोणती फाइल हवी ते त्याच ओळीत असतं! तरीही लोक ड्रायव्हर बदलत बसतात. डेबियनवर हे दुखणं पूर्वी फार असायचं, कारण मुक्त (ज्याचा कोड खुला आहे असं) नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे, आणि ते डाउनलोड करायला वाय-फायच लागे. २०२२ मध्ये तिथल्या विकासकांनी मतदान घेऊन हे बदललं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरसोबतच येतं. मला हा निर्णय मनापासून आवडला. एक सावधगिरी मात्र घ्या. इंटेलच्या कार्डांचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर आधी सगळ्यात नव्या फर्मवेअरची फाइल मागतो, ती नसेल तर एकेक पायरी खाली उतरतो. त्यामुळे उणे दोनच्या चार-पाच ओळी दिसूनही त्याखाली "लोडेड फर्मवेअर व्हर्जन" असेल तर सगळं ठीक आहे. त्या लाल ओळी बघून घाबरायचं कारण नाही.

सिक्युअर बूटचा अनुभव मैत्रिणीच्या मशीनवर आला. यूएसबीचा ॲडॉप्टर, डीकेएमएसनं ड्रायव्हर व्यवस्थित बांधलेला, त्यासाठी लागणारे कर्नलचे हेडरही बसवलेले, आणि मॉडप्रोब म्हणतं "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस". आम्ही आधी पाऊण तास ॲडॉप्टर या पोर्टातून त्या पोर्टात फिरवत बसलो, आणि तो संदेश दोघींनीही नीट वाचला नव्हता. त्यात पहिलाच शब्द की, म्हणजे किल्ली. सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल ओळखीच्या सहीचेच ड्रायव्हर घेतो. घरी बांधलेल्या ड्रायव्हरवर घरची सही असते आणि ती मशीनला आधी दाखवून ठेवावी लागते. सुडो मॉकयुटिल, इम्पोर्ट, किल्लीची फाइल, एक तात्पुरता पासवर्ड. मग रीस्टार्ट करताना एक निळा पडदा येतो. त्यावर जेमतेम दहा सेकंदांत कोणतीतरी कळ दाबावी लागते, नाहीतर मशीन तसंच पुढे निघून जातं. पहिल्यांदा आम्ही गप्पा मारत होतो आणि तो पडदा निघून गेला. दुसऱ्यांदा ती कळफलकावर बोट ठेवूनच बसली. एनरोल मॉक, कंटिन्यू, यस, पासवर्ड, रीबूट. ॲडॉप्टरचा दिवा लुकलुकला तेव्हा आम्ही दोघी एकदम ओरडलो. पुष्कळ जण सांगतात की सिक्युअर बूट बंदच करून टाका. मला ते पटत नाही. पाच मिनिटांचं काम टाळण्यासाठी संरक्षणाचा एक थर कायमचा काढून टाकायचा, हा सौदा बरा नाही.

आरएफकिल, अंतर, लिस्ट ही कमांड मात्र सगळ्यांनी पाठ करावी. रेडिओ कुणी बंद करून ठेवलाय का ते ती सांगते. सॉफ्ट ब्लॉक्ड यस असेल तर आरएफकिल अनब्लॉकनं सुटतं. हार्ड ब्लॉक्ड यस असेल तर कितीही कमांड दिल्या तरी उपयोग नाही, एखादं बटण किंवा एफएनसोबतची कळ शोधायला लागते.

जोडणी होते पण थोड्या वेळानं मंदावते किंवा तुटते, ही तक्रार वेगळी. तिथे मी आधी वीजबचत बंद करून बघते. आयडब्ल्यू डेव्ह, इंटरफेसचं नाव, सेट पॉवर सेव्ह ऑफ. फरक पडला तर नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ डॉट डीमध्ये वायफाय डॉट पॉवरसेव्ह कायमचं ठरवायचं. तिथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. एक आणि शून्य असेल असं समजून मी एकदा फसले होते.

आणि एक अगदी चकवणारा प्रकार. फोनला नेटवर्क दिसतं, शेजारच्या मशीनला दिसतं, फक्त या लॅपटॉपला दिसत नाही, बाकी सगळी नेटवर्क मात्र दिसतात. राउटर स्वतःच चॅनेल १३ वर जाऊन बसलेला असू शकतो, म्हणजे २४७२ मेगाहर्ट्झवर. काही देशांत १२ आणि १३ या चॅनेलवर निर्बंध आहेत. म्हणून देश माहीत नसेल तेव्हा लिनक्स तिथे स्वतःहून हाक देत नाही, नुसतं ऐकतं, आणि काही कार्डं तर तिथे फिरकतच नाहीत. मशीननं कोणता देश धरलाय ते सांगणारी आयडब्ल्यू रेग गेट ही कमांड दिल्यावर कंट्री ००, म्हणजे दोन शून्यं, दिसली तर हे लक्षात घ्या. राउटर १, ६ किंवा ११ वर आणला की काम होतं.

माझी सुरुवात झाली ती एनडीआयएसरॅपरच्या काळात. विंडोजसाठीचा ड्रायव्हर घ्यायचा, त्याला लिनक्समध्ये फसवून चालवायचं, आणि मशीन गोठलं नाही तर देवाचे आभार मानायचे. २००७ मध्ये २.६.२२ या कर्नलमध्ये मॅक८०२११ हा सगळ्यांना सामाईक थर आला, आणि त्यानंतर प्रत्येक ड्रायव्हरला सगळं पहिल्यापासून लिहायची गरज उरली नाही. २००८ मध्ये अथेरॉस या चिप कंपनीनं एटीएच९के हा ड्रायव्हर खुला केला. २०१० मध्ये ब्रॉडकॉम या दुसऱ्या चिप कंपनीनंही एक खुला ड्रायव्हर दिला. पण त्याच्या कितीतरी आधी ब्रॉडकॉमच्या चिपा काही स्वयंसेवकांनी चालवून दाखवल्या होत्या. एका गटानं मूळ ड्रायव्हरचं वर्तन तपासून त्याचं नुसतं वर्णन लिहिलं, आणि दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हर न बघता फक्त ते वर्णन वाचून नवा कोड लिहिला. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते वर्णन ज्यांनी तपासलं असेल, त्यांचं काम किती काटेकोर असेल."

कुणाला अशा वेळी इंटरनेट हवंच असेल, तर फोन यूएसबीच्या वायरनं जोडून टेदरिंग चालू करा. लिनक्सला त्यासाठी सहसा वेगळं काही लागत नाही, मशीनला ते वायरचं नेटवर्कच वाटतं. हे मी बाबांना त्या सकाळी करून बघायला लावलं, म्हणजे पुढच्या वेळी मी फोन उचलला नाही तरी प्रुफं अडणार नाहीत.

आता माझ्या प्रत्येक मशीनवर ईटीसीमध्ये मी स्वतः टाकलेल्या फाइलीच्या पहिल्या ओळीत हॅशचं चिन्ह देऊन तारीख, कारण आणि ही फाइल कधी काढायची, ते लिहिलेलं असतं. चार मशीनवर बसून जुन्या फाइलींना अशा ओळी जोडायला एक अख्खा रविवार गेला. तीन फाइली का केल्या होत्या ते मला आठवेचना, म्हणून त्या एकेक करून काढल्या आणि रीस्टार्ट करून बघितलं. काहीही बिघडलं नाही.

बाबांनी एक वही केली आहे. डावीकडे कमांड, उजवीकडे ती काय विचारते ते, आणि जिथे अंतर द्यायचं तिथे प्रुफातली अंतराची खूण, लाल शाईनं. मागच्या आठवड्यात पुन्हा कर्नलचं अपडेट आलं. मला कळलं ते त्यांच्या संदेशावरून. संदेशात दोनच शब्द होते: "तीन ओळी."